खरखर ऐकताना

त्या रात्री रेडिओवर ऐकू येत असलेले एक वाक्य अर्ध्यावर तुटले, आणि त्याची रुखरुख अजूनही गेलेली नाही. शॉर्टवेव्हच्या ४९ मीटरबँडवर एक क्षीण स्टेशन लागले होते. निवेदिका सावकाश बोलत होती, दुरून आलेले पत्र घरातल्या कुणाला वाचून दाखवावे तशी. तिची भाषा मला अर्धीमुर्धीच कळते, त्यामुळे मी पुढे झुकून, कान देऊन बसले होते. आवाज भरतीसारखा वर येई, काही क्षण स्वच्छ ऐकू येई आणि पुन्हा खोल जाई. मध्येच कडकड होई, वाळकी लाकडे पेट घेताना होते तशी. खिडकीतून दूर क्षितिजाशी वीज लवताना दिसत होती, पण गडगडाट मात्र येत नव्हता. गडगडाट नाही त्या अर्थी वादळ लांब आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. अँटेनाची केबल काढून ठेवावी हा विचार दोनदा मनात येऊन गेला. दुसऱ्यांदा तर मी खुर्ची मागे सरकवून उठण्याच्या बेतात होते. नेमका त्याच वेळी आवाज स्वच्छ झाला. एवढे वाक्य होऊ दे, मग उठू, असे म्हणून मी पुन्हा बसले आणि खरखरीवर मात करण्यासाठी आवाज थोडा वाढवला. वाक्याच्या मध्यावर खोली पांढरीशुभ्र झाली. प्रकाश आणि कडकडाट यांत मोजण्याइतकेही अंतर नव्हते. रेडिओच्या पोटात काडी मोडावी तसा एक बारीक आवाज झाला, आणि निवेदिका थांबली.

ती पुढे काय म्हणणार होती, ते मला कधीच कळणार नाही.

भानावर आल्यावर लक्षात आले की रेडिओचा दिवा चालूच आहे. पडद्यावरचे आकडे जागच्या जागी होते, बटण फिरवले की बदलत होते, स्पीकरमधून मंद फुसफुसही येत होती. फक्त त्या फुसफुशीत कुणीही नव्हते. मी ४१ मीटरवर गेले, ३१ वर गेले, रात्री जिथे स्टेशनांची दाटी असते त्या सगळ्या जागा चाचपून पाहिल्या. सगळीकडे तीच सपाट, रिकामी फुसफूस. रेडिओ मेला नव्हता, बहिरा झाला होता. सकाळी कळले की वीज घरावर पडलीच नव्हती. घरापासून शंभर-सव्वाशे पावलांवर एक उंच झाड आहे, त्याची शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हातभर रुंद साल निघाली होती आणि आतले ओले, पिवळट लाकूड उघडे पडले होते. झाडातल्या रसाची क्षणार्धात वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर येते. त्या पट्टीला मी हात लावला तेव्हा ती अजून चिकट होती. घरी येऊन रेडिओ उघडला. कुठेतरी मोठे जळालेले दिसेल अशी माझी कल्पना होती, पण उघड्या डोळ्यांना काहीच दिसेना. भिंगाखाली धरल्यावर अँटेनाच्या सॉकेटलगतचे दोन डायोड दिसले. तांदळाच्या दाण्याहून लहान, काचेच्या नळीतले. त्यांतल्या एकाच्या मधोमध काळा ठिपका पडला होता आणि त्या ठिपक्यातून केसासारखा तडा निघून काचेच्या टोकापर्यंत गेला होता. त्याच्या शेजारचा पहिला ट्रान्झिस्टरही गेला होता. आणि बोर्डाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, पॉवरच्या सॉकेटजवळ, तांब्याची एक बारीक रेघ करपून उडाली होती. विजेचा एक अंश एका दाराने आत आला होता आणि दुसऱ्या दाराने निघून गेला होता.

त्या क्षणी माझी बोटे ट्यूनिंगच्या प्लॅस्टिकच्या बटणावर होती. उठले असते तर ती बहुधा केबलच्या धातूच्या प्लगवर असती. न उठल्यामुळे रेडिओ गेला आणि न उठल्यामुळेच कदाचित माझा हात वाचला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे मनाला पटवून घ्यायला मला बरेच दिवस लागले. वेळेवर, म्हणजे पहिल्यांदा विचार आला तेव्हाच उठले असते तर दोन्ही वाचले असते, एवढे मात्र निश्चित.

माझे वडील अँटेनाला एरियल म्हणत. त्यांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे एरियल म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या खांबापर्यंत ताणलेली तांब्याची लांब तार. दोन्ही टोकांना चिनी मातीची अंडी बांधलेली असत, म्हणजे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर. लहानपणी मला ते खरोखरच एखाद्या पक्ष्याने तारेवर विसरलेले अंडे वाटे. तारेची शेपटी खिडकीच्या चौकटीबाहेर लावलेल्या एका पात्याच्या स्विचपाशी येत असे. पाते वर केले की तार रेडिओला जोडली जाई, खाली पाडले की जमिनीला. झोपायच्या आधी बाबा तो स्विच पाडत, तेव्हा ‘खट्’ असा जो आवाज होई तो माझ्या दृष्टीने दिवस संपल्याचा आवाज होता. मग ते वाकून भिंतीतला प्लगही काढून ठेवत. आधी आभाळाची तार, मग भिंतीची. हा क्रम एकाही रात्री चुकलेला मला आठवत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सुटीच्या दिवशी ते पात्याचे तांबे पॉलिश पेपरने घासून लख्ख करत, जमिनीत ठोकलेल्या कांबीवरचा क्लॅम्प सोडवून आतला हिरवा थर खरवडत, पुन्हा आवळत आणि वरून व्हॅसलीनचे बोट फिरवत. मी एकदा विचारले होते, “बाबा, तुम्ही तार कापूनच का टाकत नाही? म्हणजे वीज येणारच नाही.” ते म्हणाले, “ती जमिनीकडेच निघालेली असते. मध्ये आपला रेडिओ कशाला?” एवढेच बोलून ते पुन्हा क्लॅम्प आवळू लागले. त्या वयात मला ते उत्तर टाळाटाळ केल्यासारखे वाटले होते. आज मला अँटेनाच्या संरक्षणाबद्दल जे काही सांगता येईल, ते त्या दोन वाक्यांच्या फारसे पुढे जात नाही.

आभाळातली वीज आणि तारेतली वीज यांना आपण एकच शब्द वापरतो, याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे सिद्ध होऊन पावणेतीनशे वर्षे होत आली, आणि ते सिद्ध करताना पहिला बळी गेला तो घरात आणलेल्या एका तारेपायी. १७५२ साली फ्रान्समध्ये दालिबार यांनी आणि अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी ढगातून वीज उतरवून दाखवली, आणि पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमन या भौतिकशास्त्रज्ञांनी आपल्या छपरावर लोखंडी कांब उभी करून तिची तार थेट खोलीत, मोजमापाच्या उपकरणापर्यंत आणली. मोजायचे होते म्हणून ती तार त्यांनी जमिनीला जोडली नव्हती. ६ ऑगस्ट १७५३ रोजी अकादमीत बैठक चालू असताना गडगडाट ऐकून ते घाईने घरी आले. सोबत सोकोलोव नावाचे चित्रकोरक होते. रिखमन उपकरणापाशी वाकून पाहत असताना कांबेतून निघालेला फिकट निळा गोळा त्यांच्या कपाळावर येऊन आदळला आणि ते जागीच गेले. कपाळावर एक लाल डाग उरला, पायातला बूट फाटला, दाराची चौकट दुभंगली. सोकोलोव वाचले, म्हणून हा तपशील आपल्यापर्यंत आला. मी हे पूर्वीही वाचले होते, पण तेव्हा ते इतिहासातले एक प्रकरण होते. रेडिओ बहिरा झाल्यानंतर पुन्हा वाचले तेव्हा मला दिसली ती त्यांच्या खोलीची रचना: छपरावर तार, तिचे टोक टेबलावर, जमिनीकडे जायला वाट नाही आणि उत्सुकतेने पुढे झुकलेला माणूस. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्या कितीतरी जणांची खोली अशीच असते. माझीही यापेक्षा फार वेगळी नव्हती.

पुन्हा पुन्हा आठवते ती खरखर. मी तिच्यावर मात करायला आवाज वाढवला होता, आणि खरे तर तीच मला हवी ती बातमी देत होती. रेडिओच्या इतिहासातल्या अगदी आरंभीच्या ग्राहकयंत्रांपैकी एक अलेक्झांडर पोपोव यांचे. ७ मे १८९५ रोजी त्यांनी ते सेंट पीटर्सबर्गमध्येच विद्वानांपुढे मांडले आणि त्याच वर्षी ते वादळांची नोंद घेण्यासाठी लावले गेले. काचेच्या नळीत लोखंडाचा कीस, बाहेर उंच तार. दूर कुठे वीज चमकली की किसातून प्रवाह वाहू लागे, घंटा वाजे आणि घंटेच्याच टोल्याने कीस पुन्हा विस्कटून पुढच्या विजेसाठी तयार होई. म्हणजे माणसाचा आवाज हवेतून येऊ लागण्याच्या आधीपासून उंच तारेवर ऐकले जात होते ते विजेलाच. आपण नंतर त्यात बातम्या, गाणी, भाषणे भरली आणि मूळच्या आवाजाला व्यत्यय म्हणू लागलो.

तरीही नुसत्या खरखरीने घाबरून जाण्यात अर्थ नाही, आणि माझी चूक इथेच गुंतलेली आहे. रात्रीच्या वेळी खालच्या, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या मीटरबँडांवर हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या वादळांची कडकडही आयनांबरावरून, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन येते, जशी दूरची स्टेशने येतात तशीच. त्यामुळे ४९ मीटरवरची खरखर ऐकून वादळ किती लांब आहे हे सांगता येत नाही, आणि रोज रात्री ती ऐकणाऱ्याचा कान तिला सरावून जातो. माझा सरावला होता. आता मी वेगळे करते. शंका आली की बटण फिरवून २५ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा शोधते. त्या उंचीच्या फ्रिक्वेन्सी रात्री बहुतेक वेळा परत फिरत नाहीत, आयनांबर ओलांडून निघून जातात, त्यामुळे दूरची कडकड तिथे पोहोचत नाही. तिथे शांतता असेल तर वादळ दुसऱ्याचे आहे. तिथेही चर्रकन आवाज उमटला आणि तो खिडकीतल्या लखलखाटाशी जुळला, तर वादळ आपले आहे. गडगडाटाची वाट पाहणे चूक, कारण गडगडाट पंधरा-एक किलोमीटरपलीकडून क्वचितच ऐकू येतो आणि वीज मात्र ढगाच्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर, मोकळ्या आभाळाखालीही उतरू शकते. लवणारी वीज दिसते आणि आवाज येत नाही, या अवस्थेला मी सुरक्षित समजत होते. वास्तविक घाई न करता, शांतपणे उठून केबल काढण्याची ती शेवटची वेळ असते.

वादळ डोक्यावर नसतानाही तार स्वस्थ नसते, हे मला रेडिओ दुरुस्तीला असताना कळले. एका संध्याकाळी जोराचा, धुळीचा वारा सुटला होता. केबलचे मोकळे टोक मी खिडकीच्या लाकडी फळीवर ठेवले होते आणि खोलीत कुठूनतरी टक्, टक् असा आवाज येऊ लागला. घड्याळासारखा, पण किंचित अनियमित. दिवा मालवून जवळ गेले तेव्हा दिसले, प्लगची मधली पिन आणि भोवतीची कडी यांच्यामध्ये सुईच्या टोकाएवढी निळी ठिणगी चार-पाच सेकंदांनी उडत होती. हवेत एक मिलिमीटर उडी मारायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. पाऊस नव्हता, वीज नव्हती. नुसते धुळीचे कण तारेला घासून जाताना आपापला भार तिच्यावर ठेवत होते. निरभ्र आभाळाखालीसुद्धा जमिनीपासून प्रत्येक मीटर उंचीला शंभरेक व्होल्टचा फरक असतो आणि वादळी ढगाखाली तोच काही हजारांवर जातो. तो भार बसल्या जागी निथळून जावा म्हणून अँटेना आणि जमीन यांच्यामध्ये एक मोठ्या मूल्याचा रेझिस्टर कायमचा लावून ठेवतात. लाख ओहम किंवा त्याहून अधिक. ऐकण्यात त्याने काही फरक पडत नाही, पण तारेवर साचणारा भार गळक्या माठासारखा हळूहळू झिरपत राहतो. एवढ्याशा भागाअभावी कितीतरी रेडिओंचे कान आकाशात एकही वीज न चमकता मंद होत जातात, आणि मालकाला वाटते की हल्ली स्टेशनेच कमी झाली. बाबांच्या रेडिओतले व्हॉल्व्ह असे शेकडो व्होल्टचे धक्के क्षणभर सोसून घेत. आजच्या रेडिओतल्या पहिल्या ट्रान्झिस्टरला निकामी करायला दहा-वीस व्होल्टही पुरे होतात. रेडिओ जितका तीक्ष्ण झाला, तितका नाजूक झाला.

प्रत्यक्ष विजेपुढे मात्र रेझिस्टरही काही नाही. तिच्या एका लोळात साधारण ३०,००० अँपियरचा प्रवाह असतो, काही वेळा त्याच्या कितीतरी पट. मार्गातली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते. पण मला त्याहून अधिक अस्वस्थ करून गेला तो तिचा वेग. शून्यावरून पूर्ण जोरावर यायला तिला सेकंदाचे काही दशलक्षांश पुरतात. साध्या, सरळ तारेच्या प्रत्येक मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री इतका इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, असतो, जो रोजच्या व्यवहारात आपल्या खिजगणतीतही नसतो. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १०,००० अँपियरने वाढू लागला की त्याच तारेच्या प्रत्येक मीटरवर १०,००० व्होल्ट उभे राहतात. माझा अरेस्टर, म्हणजे तारेतला जादा दाब जमिनीकडे वळवणारे उपकरण, टेबलामागे बसवला होता आणि त्याची हिरवी तार भिंतीच्या कडेने, चौकटीला वळसा घालून, उरलेली लांबी नीट गुंडाळून बांधून, मग खाली कांबीपर्यंत नेली होती. दिसायला फार नीटनेटके होते. सहा-सात मीटर लांबी आणि वर ते वेटोळे. म्हणजे जमिनीकडची वाट आधीच साठ-सत्तर हजार व्होल्टनी अडवून ठेवलेली, आणि तिच्या तुलनेत टेबलावरच्या रेडिओमधून भिंतीतल्या प्लगकडे जाणारी वाट जवळची. अरेस्टरमधली वायूची नळी स्वतःचे काम इमानाने करते. नव्वदएक व्होल्टच्या वर दाब गेला की ती मायक्रोसेकंदाच्या आत पेटते आणि वाट मोकळी करून देते. पण ती वाट पुढे कुठे जाते, हे ठरवणे आपल्याकडे असते. अरेस्टर घराबाहेर, केबल आत शिरते त्या जागी असावा, त्याच्यापासून जमिनीपर्यंतची तार आखूड, जाड आणि सरळ असावी, जमल्यास तारेऐवजी तांब्याची रुंद पट्टी असावी, आणि वळण घ्यावेच लागले तर ते मोठे, सैल असावे. बाबांचा स्विच खिडकीबाहेर होता आणि त्याच्याखाली ओळंब्यात सोडल्यासारखी तार थेट कांबीपर्यंत गेलेली होती. त्यांना मायक्रोहेन्री ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

तरीही ही चूक माझ्या रेडिओच्या बहिरेपणाचे पूर्ण कारण नाही. वीज अँटेनावर पडलीच नव्हती, झाडावर पडली होती. करपलेल्या रेघेने मला दुसरी चूक दाखवली, आणि ती मी अभिमानाने केलेली होती. रेडिओला घराच्या अर्थिंगमधला गोंगाट नको म्हणून मी त्याच्यासाठी स्वतंत्र कांब ठोकली होती, आठ फुटांची, तांब्याचा मुलामा दिलेली, पूर्ण दोन संध्याकाळी घण मारून. घराचे अर्थिंग इमारतीच्या पलीकडच्या बाजूला, माझी कांब झाडाच्या बाजूला, आणि दोघींमध्ये काहीही जोड नाही. आपण जमिनीला शून्य समजतो, पण वीज जिथे शिरते तिथली जमीन क्षणभर लाखो व्होल्टवर जाते. ३०,००० अँपियर आणि मातीचा विरोध दहा ओहम धरला तर तीन लाख व्होल्ट होतात, आणि तिथून जसजसे दूर जावे तसतसा दाब उतरत जातो. म्हणजे त्या क्षणी माझी कांब एका उंचीवर होती आणि घराचे अर्थिंग दुसऱ्या. त्या दोन पातळ्यांना जोडणारी सर्वांत चांगली तार म्हणजे माझ्या केबलचे कवच, रेडिओचा बोर्ड आणि भिंतीतला प्लग. मी रेडिओला दोन जमिनींच्या मधोमध पुलासारखा उभा केला होता. आता दोन्ही कांबी जाड तारेने जमिनीखालून जोडलेल्या आहेत आणि सगळ्या केबली एकाच धातूच्या पट्टीवरून आत येतात, म्हणजे दाब वर जायचा तर सगळ्यांचा एकदम जाईल. पाण्यावर तरंगणारी होडी लाटेबरोबर वर जाते, तिला धक्का बसतो तो एक टोक काठाला बांधलेले असते तेव्हा. ज्यांचा रेडिओ संगणकाला जोडलेला असतो त्यांनी तर त्या तिसऱ्या वाटेचाही विचार करायला हवा, कारण तिथून पुढे नेटवर्कची तार साऱ्या घरभर फिरलेली असते.

बाबा दोन्ही तारा काढत असत, ते मला हे सगळे गणित मांडल्यावर आठवले.

शेवटी काढून ठेवण्याला पर्याय नाही, असेच जाणकार सांगतात आणि तेच खरे आहे. पण काढणे म्हणजे काय, याचेही पुष्कळ गैरसमज आहेत. प्लग उपसून तो रेडिओशेजारीच टेबलावर टाकायचा, ही सर्वांत सामान्य पद्धत. काही जुने शौकीन केबलचे टोक काचेच्या बरणीत सोडून ठेवतात. मलाही ते चित्र फार आवडे, पण जिने कित्येक किलोमीटर हवा फोडून वाट काढलेली आहे तिला काचेचे काही मिलिमीटर ते काय अडवणार? बाबांच्या स्विचमधले बोटभर अंतरही थेट पडलेल्या विजेला थोपवू शकले नसते. त्याचा खरा उपयोग पाते खाली पडून तार जमिनीला मिळत असे, यात होता. म्हणून केबलचे टोक घराबाहेरच सुटावे, ते जमिनीच्या खुंटीला आवळले जावे आणि आतला तुकडा वेगळा पडावा. हे सगळे ढग जवळ येण्याआधी व्हायला हवे. वादळ डोक्यावर आल्यावर आठवण झाली तर केबलला हात न लावता खोलीतून निघून जावे. रेडिओ पुन्हा मिळतो. हे वाक्य लिहिताना मला काही सोपे जात नाही, कारण ज्याने तासन् तास एखाद्या क्षीण स्टेशनाचा माग काढला आहे त्याला उठण्याची किंमत ठाऊक असते. ऐकण्याची सर्वांत चांगली घटका आणि केबल काढण्याची घटका या कित्येकदा एकच असतात.

परवा रात्री पुन्हा तोच बँड लावला होता. तीच निवेदिका, की तिच्यासारखा आवाज असलेली दुसरी कुणी, हे मला ओळखता आले नाही. खिडकीत काहीच दिसत नव्हते. कडकड वाढली तशी मी २५ मेगाहर्ट्झवर गेले आणि थांबले. बराच वेळ शांतता होती. मग एक चर्र, पाठोपाठ तीन-चार जोडून आलेले, आणि खिडकीच्या कडेला फिकट उजेड. मी एकदा परत ४९ मीटरवर आले. ती बोलत होती, एका वाक्याच्या मध्यावर होती. मी रेडिओ बंद केला, भिंतीतला प्लग काढला, बाहेर जाऊन केबल सोडवली आणि खुंटीवर आवळली. पितळेचे आटे बसताना बोटांना थंड लागत होते. आतल्या खोलीत येऊन बसले तेव्हा पहिला गडगडाट ऐकू आला. पुढच्या लखलखाटापासून मोजायला लागले, छत्तीसपर्यंत मोजले, म्हणजे बारा किलोमीटर. नंतर एकवीस. नंतर अकरा. मग बराच वेळ नुसता पाऊस. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्यावर केबल जोडली. स्टेशनाची वेळ संपून गेली होती आणि त्या जागी मंद फुसफूस होती. दिवा मालवून मी तशीच बसून राहिले. खरखर अजून येत होती, पण बारीक, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडी उशिरा.